‘का’चा रकाना

कोणाच्या टेबलावर खोडरबर दिसलं की साहेब न विचारता उचलून खिशात घालत आणि संध्याकाळी गेटबाहेरच्या नाल्यात टाकून देत. "चूक करा," म्हणत, "पण पुसू नका. एक रेघ मारा, शेजारी बरोबर लिहा आणि चूक दिसू द्या." पोरी म्हणायच्या, एक दिवस त्या नाल्यात रबराची झाडं उगवणार.

पोरी म्हणजे कार्डांना भोकं पाडणाऱ्या. साहेबांना ‘का-साहेब’ हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. समोर नुसतं साहेब, पाठीमागे का-साहेब. मीही पाठीमागे तेच म्हणत असे. आता खरं नाव सांगून काही उपयोग नाही, म्हणून सांगत नाही.

मी त्या मशीन रूमची सफाईची बाई. नवरा कंपनीच्या फाउंड्रीत होता. छातीत धूळ भरून गेला, तेव्हा त्याच्या जागी मला घेतलं. फाउंड्रीत बाई नको म्हणून काँप्युटरकडे पाठवलं. पिंपरीत तेव्हा काँप्युटर दोन-चार कंपन्यांतच असेल. आत बर्फासारखं गार, चपला बाहेर काढायच्या, मोठ्यानं बोलायचं नाही. कामगार दारातूनच वाकून बघत आणि घाबरत. हे मशीन आलं, आता आपण घरी बसणार, असं सगळ्यांच्या मनात होतं. गेटवर मला विचारायचे, "काय आक्का, तुमचं मशीन जेवलं का आज?"

"जेवलं. तुझ्या वाटचं पण जेवलं," मी म्हणे.

मशीन कार्डं खायचं. पोस्टकार्डापेक्षा लांब, जाड, पिवळट कार्डं. प्रत्येकावर बारीक चौकोनी भोकं. एका कार्डावर एक हुकूम. असे पाचशे-सहाशे हुकूम ओळीनं लावले की एक काम तयार. त्या गड्डीतलं एक कार्ड मागे-पुढे झालं तरी मशीन काहीच्या बाही छापत बसे. हे हुकूम लिहिणारे आमचे साहेब. त्याआधी ते देहूरोडला लष्कराच्या डेपोत कार्डांच्याच कामावर होते.

"बाई, हे मशीन मठ्ठ आहे," ते मला सांगत. दुसरं कोणी ऐकत नसे, म्हणून मला सांगत असावेत. "जेवढं सांगाल तेवढंच करतं. शहाणपण त्याच्यात नाही. शहाणपण कुठं आहे? कार्डात. आणि कार्डात ते कोणी घातलं, कधी घातलं, का घातलं, ते कुठं आहे?"

"रजिस्टरात," मी म्हणे. शंभरदा ऐकलं होतं.

ते रजिस्टर म्हणजे त्यांचा जीव. लांब, काळ्या पुठ्ठ्याचं. पाच रकाने. तारीख, काय बदललं, कोणी बदललं, का बदललं, आणि शेवटी सही. कोणत्याही गड्डीतलं एक कार्ड जरी बदललं तरी त्यात ओळ पडलीच पाहिजे. पहिले तीन रकाने सगळे भरत. चौथा कोणी भरत नसे. मग साहेब रजिस्टर घेऊन त्या माणसाच्या टेबलाजवळ उभे राहत. बोलत नसत. नुसते उभे. उंच, वाळलेला माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. समोरचा शेवटी वैतागून म्हणे, "साहेब, चूक होती म्हणून बदललं, आणखी काय लिहू?"

"कोणती चूक?"

"आता ती सुधारली ना?"

"तुम्ही सुधारलीत. दोन वर्षांनी तुमच्या जागी दुसरा येईल. त्याला वाटेल हे कार्ड इथं उगीच आहे. काढून टाकेल. मग तीच चूक परत. काय बदललं ते कार्डाकडे बघून कळतं हो. का बदललं ते कार्डात नसतं."

दुसरी गोष्ट जुन्या गड्ड्यांची. काम बदललं की ते जुन्या गड्डीला हात लावत नसत. तिची आधी नक्कल काढत, नकलेत बदल करत आणि जुनी कपाटात ठेवत. प्रत्येक गड्डीच्या वरच्या कडेवर रंगीत पेन्सिलीनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरकी रेघ मारत. पहिली गड्डी लाल, तिच्यावरून केलेली निळी, मग हिरवी. एक कार्ड इकडचं तिकडे झालं की रेघ तुटलेली दिसे. बाकी कंपन्यांत जुनी कार्डं रद्दीत जात. आमच्याकडे लोखंडी कपाटं भरत होती.

एकदा एका इंजिनिअरच्या हातून अख्खी गड्डी फरशीवर पडली. सहाशे कार्डं विखुरली. तो डोकं धरून बसला. कार्डावरचे नंबर इंग्रजी, बारीक. मी झाडू ठेवला, खाली बसले आणि रेघ बघून कार्डं लावली. दुपारपर्यंत झाली. साहेबांनी गड्डी हातात घेतली, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही कितवी शिकलात?"

"चौथी."

"पुरे आहे," म्हणाले, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली. इंजिनिअर होते तिथं, पोरी होत्या मॅट्रिक झालेल्या. किल्ली मला दिली. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. हे लिहायला हवं, म्हणून लिहिते.

त्यांचा ‘का’ कार्डांपुरता नव्हता. मी एकदा पाण्याचा माठ दाराच्या डावीकडून उजवीकडे ठेवला. साहेब पेला हातात घेऊन थांबले.

"माठ हलवला?"

"हो."

"का?"

"तिकडं दुपारचं ऊन येतं. पाणी कोमट होतं."

त्यांनी मान हलवली, पाणी प्यायले, आणि जाऊन रजिस्टरात माठाची ओळ लिहिली. शैला नावाची पोरगी होती, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "साहेब, मी आज वेणी घालायच्या ऐवजी अंबाडा घातलाय. लिहू का?" सगळ्या हसल्या. साहेब म्हणाले, "कारण असेल तर लिहा."

एकदा त्यांना ताप होता, सही हवी होती, म्हणून मला चिंचवडला त्यांच्या घरी पाठवलं. दोन खोल्या. खिळ्यावर तीन सदरे, तिन्ही सारखे, कॉलरच्या आत शाईनं एक, दोन, तीन. त्यांच्या बायकोनं चहा दिला आणि हळूच विचारलं, "ऑफिसातही असेच का हो?"

"असेच."

"मी आमटीत गूळ घालायचं बंद केलं, तर विचारलं का. म्हटलं गूळ संपला. तर म्हणे, मग बंद केलं म्हणू नका, संपला म्हणा. दोन्ही वेगळं." ती हसत होती. "पंधरा वर्षं झाली. आता मीच आधी सांगते. आज भाजीत मिरची कमी, कारण तुमचं पोट."

लोकांना वाटतं अशा माणसाच्या मागं काहीतरी मोठं दुःख असतं. मलाही वाटलं होतं. एकदा विचारलं. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "नाही हो बाई. लहानपणापासून असंच. माणसाच्या लक्षात काही राहत नाही, एवढं मला लवकर कळलं. माझ्याही नाही. म्हणून लिहायचं." बस. मागं काही नव्हतं.

त्या रजिस्टरात माझ्या हातच्या दोन ओळी आहेत. पहिली मी लागले त्या वर्षीची. खंडेनवमीला कारखान्यात सगळी यंत्रं धुऊन पुसून पूजतात. लेथला झेंडूची माळ, क्रेनला माळ, ट्रकला लिंबू. मी म्हटलं, आमची रूम का मागं ठेवायची? सगळे मोठ्या शेडमध्ये पूजेला गेलेले असताना मी मशीनला माळ घातली आणि टेबलावरच्या प्रत्येक गड्डीच्या वरच्या कार्डाला ओल्या बोटानं हळदकुंकू लावलं. दसऱ्यानंतर मशीन सुरू केलं, तर पहिलंच कार्ड घशात अडकून बसलं. ओलीनं कार्डं फुगली होती.

"मेलीस बाई," शैला म्हणाली. "आता का-साहेब तुला खातात."

ते ओरडले नाहीत. रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. चौथीनंतर मी पेन्सिल धरली नव्हती. ‘काय’मध्ये लिहिलं, कार्डाला कुंकू लावले. ‘का’मध्ये लिहिलं, खंडेनवमी होती म्हणून. त्यांनी वाचलं.

"बरोबर आहे. हे कारण आहे," म्हणाले आणि सही केली. मग मला समजावलं, "ही सही म्हणजे मी तुम्हाला माफ केलं असं नाही. ही सही म्हणजे मी हे तपासलं आणि लिहिलंय ते खरं आहे. सहीशिवाय ओळ पुरी होत नाही."

पुढच्या वर्षापासून कुंकू कपाटाच्या लोखंडाला लावायचं ठरलं.

आता मुख्य ते सांगते.

आमचं गाव भोसरीच्या अंगाला. जमीन एमआयडीसीत गेली. तेव्हा सांगितलं होतं, घरटी एकाला नोकरी. माझा धाकटा भाऊ दत्तू. त्याला नोकरी मिळाली, पण बदलीची. म्हणजे कोणी गैरहजर असेल तर आत घ्यायचं, नाहीतर गेटवरून परत. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की माणूस पक्का होण्याच्या यादीत लागे. दत्तू सहा वर्षं गेटवर उभा राहत होता. लग्न ठरत नव्हतं, कारण सोयरे आधी विचारायचे, पोरगा पक्का आहे का?

माझ्या चाळीत शेजारी शिवा म्हणून होता. लातूरकडचा. बायको, दोन पोरी, आणि तोही बदलीच. मला मावशी म्हणे. त्यानं खोलीच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारल्या होत्या, भरलेल्या दिवसाची एक. "मावशी, मह्या हिशोबानं औंदा भरत्यात बघा. एक पोरगी पाटी मागती, तिला म्हनलं थांब, बाप पक्का व्हऊ दे."

हे दिवस मोजायचं काम आमच्या मशीनचं. साहेबांनीच ती कार्डं लिहिली होती. पगारी रविवार आणि सणाची सुट्टी धरून मशीन दिवस मोजायचं. साहेब म्हणत, पगारी सुट्टी म्हणजे माणूस कंपनीचाच, म्हणून धरायची. पण रजिस्टरात फक्त बदल लिहायचे आणि ही पहिलीच गड्डी, म्हणून हे कारण तिथं नव्हतं. त्या वर्षी चाळीसएक माणसांचे दिवस भरत आले होते. दत्तू आणि शिवा दोघं त्यांच्यात.

यादी निघायच्या आधी आमचे मॅनेजर साहेबांच्या टेबलाजवळ आले. मी फरशी पुसत होते. सफाईच्या बाईसमोर बोलायला कोणी कचरत नाही.

"ते दिवसांचं काम बदला. सुट्ट्या धरायच्या नाहीत. फक्त हजर दिवस."

"का?"

"वरून आलंय."

"वरून म्हणजे कोणी सांगितलं? आणि का?"

"अहो, तुम्हाला काय करायचंय? बदला म्हटलं की बदलायचं."

लोक सांगतात की साहेबांनी नकार दिला. दिला नाही. त्यांनी बदललं. त्याच दिवशी नक्कल काढून तिच्यातली नऊ कार्डं काढली, नऊ घातली, निळी रेघ मारली. लाल रेघेची जुनी गड्डी माझ्या हातात दिली, आणि मी ती कपाटात ठेवली. रजिस्टरात लिहिलं, अमुक नंबरची नऊ कार्डं बदलली. कोणी, मी. का, मॅनेजरसाहेबांचा तोंडी हुकूम. कारण विचारले, सांगितले नाही. खाली सही.

यादीत चार नावं आली. दत्तू नव्हता, शिवाही नव्हता.

शिवानं भिंतीवरच्या रेघा तीनदा मोजल्या. मग युनियननं पुण्याला लेबर कोर्टात केस घातली. कंपनीनं सांगितलं, आम्ही पहिल्यापासून हजर दिवसच मोजतो, मशीनला विचारा. युनियनचा पुढारी साहेबांना गेटवर भेटला. "साहेब, तुम्ही आमच्या बाजूचे आहात हे आम्हाला ठाऊक आहे."

"मी कोणाच्या बाजूचा नाही," साहेब म्हणाले. "कोर्टानं विचारलं तर काय बदललं आणि कधी बदललं ते सांगीन. जुनी गड्डी आहे माझ्याकडे. ती मशीनला घातली की जुनी यादी निघेल. बघा आणि ठरवा."

रजिस्टरात नऊ कार्डांचे नंबर होते, पण त्यांच्यावर काय होतं ते फक्त त्या लाल गड्डीत होतं. चाळीस घरं त्या गड्डीवर टेकली होती, आणि तिच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती.

कोर्टाचं पत्र आलं, जुनी कार्डं घेऊन हजर राहावं. तारीख दसऱ्यानंतरची. मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं. त्याआधी कधी सांगितलं नव्हतं.

"बाई, खंडेनवमीची साफसफाई यंदा जरा नीट करा. कपाटं फार भरलीत. जुनं सगळं रद्दीत जाऊ दे."

"साहेबांना विचारते."

"त्यांना कशाला? सफाई तुमचं काम." मग कागद चाळत म्हणाले, "तुमचा भाऊ दत्तू ना? पेंट शॉपला एक जागा निघतेय. त्याचं नाव मी वेगळं बघतो. दसऱ्याच्या आत."

मला सगळं कळलं होतं. मला कोणी फसवलं नाही. बाई अडाणी होती, तिला समजलं नाही, असं पुढे बरेच जण म्हणाले. मी अडाणी नव्हते. लाल रेघ मला डोळे मिटून ओळखता येत होती.

घरी दत्तूला विचारलं. सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "तुझं एकट्याचं झालं आणि बाकीच्यांचं राहिलं, तर चालेल का तुला?"

तो जेवत होता. "अक्का, मला काय कळत न्हाई त्यातलं," म्हणाला. "पर सा वर्सं झाली. आता गेटवरचा वाचमन बी मला नावानं हाक मारून परत पाठिवतो."

खंडेनवमीला सगळे मोठ्या शेडमध्ये पूजेला गेले. साहेबही गेले. नारळ फुटल्याचा आवाज आला तेव्हा मी कपाट उघडलं. एक गड्डी काढली असती तर दिसलं असतं, म्हणून चार खण रिकामे केले. कित्येक वर्षांची कार्डं, छापलेल्या याद्यांचे गठ्ठे, सगळं. रद्दीवाल्याचा टेम्पो मागच्या गेटला लावलेलाच होता. लाल गड्डी मी पोत्यात टाकताना उलटी केली, म्हणजे रेघ दिसू नये. मग खण ओल्या फडक्यानं पुसले आणि कपाटाच्या लोखंडाला कुंकू लावलं.

सुट्टी संपून साहेब आले आणि त्यांनी किल्ली मागितली. कपाट उघडून उभे राहिले. मी पाठीमागे होते. त्यांनी रिकाम्या खणात हात घातला, अगदी आतपर्यंत, आणि बाहेर काढून हाताकडे पाहिलं. धूळसुद्धा नव्हती.

"बाई, हे कोणी काढलं?"

"मी."

रजिस्टर आणलं, पान उघडलं, पेन्सिल दिली. मी लिहिलं. काय, जुनी कार्डे रद्दीत दिली. कोणी, मी. चौथ्या रकान्यापाशी हात थांबला. मग लिहिलं, खंडेनवमी होती म्हणून.

त्यांनी वाचलं. फार वेळ वाचत राहिले, तीन शब्दांना लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ. मशीन चालू होतं, शैलाची भोकं पाडायची टकटक चालू होती. तिनं हात थांबवला आणि आमच्याकडे बघू लागली. मला वाटलं आता ते विचारतील, का? विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. हे मी आज म्हणते. तेव्हा काय केलं असतं, माहीत नाही.

त्यांनी सही केली.

दत्तूला आदल्या शनिवारीच पेंट शॉपचं पत्र मिळालं होतं.

कोर्टात कंपनीनं मलाही नेलं होतं. सफाई केली एवढं सांगायचं. मागच्या बाकावर बसले होते. पलीकडं शिवा आणि बाकीचे, धुतलेले सदरे घालून. साहेब रजिस्टर घेऊन उभे. कंपनीच्या वकिलानं ते मागून घेतलं आणि पानं उलटली.

"ही जुनी कार्डं कुठं आहेत?"

"नाहीत."

"कुठं गेली?"

"रद्दीत."

"कारण इथं लिहिलंय, खंडेनवमी होती म्हणून. दरवर्षीची साफसफाई. खाली सही आहे. ही तुमची?"

"माझी."

"तुमच्या खात्यात सहीचा अर्थ काय?"

साहेब म्हणाले, "लिहिलंय ते खरं आहे, असा."

"म्हणजे हे खरं आहे."

युनियनचा वकील उठला. म्हणाला, कार्डं नसली तर नसोत, ज्यांनी लिहिली ते समोर आहेत, त्यांना आठवत असेल. साहेब, त्या नऊ कार्डांवर काय होतं, सांगा. साहेबांनी सांगायला सुरुवात केली. पगारी रविवार धरायचे, सणाच्या सुट्ट्या धरायच्या. तोच कंपनीचा वकील मध्ये पडला.

"एकच विचारतो. इतक्या वर्षांत इतकी हजारो कार्डं लिहिलीत. अशा बाबतीत तुम्ही स्वतः माणसाच्या आठवणीवर विश्वास ठेवता?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. शिवा बाकावरून अर्धा उठला होता. एक ‘हो’ म्हणायचं होतं. दुसरा कोणीही माणूस म्हणाला असता.

"नाही," साहेब म्हणाले.

"तुमच्या स्वतःच्या?"

"माझ्याही नाही."

मला उभंच केलं नाही. सही होती, मग बाईची काय गरज?

निकाल विरुद्ध गेला. कोर्टापुढे जे ठेवलं त्यावर कोर्टानं लिहिलं. कोर्टाला मी दोष देत नाही.

शिवानं महिनाभरानं खोली सोडली. भांड्यांचं पोतं बांधताना मी दारात उभी होते. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "मावशी, मशीन काय खोटं बोलत नसतंय. मह्याच रेघा जास्तीच्या पडल्या आसत्याल. कवा कवा रातपाळी करून आलो की दोनदा मारली आसंल."

"असेल," मी म्हटलं.

हा शब्द मी म्हटला. पुढं तो कुठं गेला, पोरीला पाटी मिळाली का, मला माहीत नाही. त्या खोलीत नवा भाडेकरू आला, त्यानं रेघांवर कॅलेंडर लावलं.

दत्तू पक्का झाला, लग्न झालं, घर बांधलं. बदलीवाले बरीच वर्षं त्याच्याशी बोलत नव्हते, मग बोलायला लागले. तो रिटायर झाला, मजेत आहे. त्यानं मला कधी काही विचारलं नाही. देवानं शिक्षा केली वगैरे काही झालं नाही. कोणाला काही झालं नाही.

साहेबांना मशीन रूममधून काढलं आणि स्टेशनरीच्या स्टोअरला बसवलं. कोरे कागद आणि पेन्सिली द्यायच्या. खोडरबरंसुद्धा द्यायची. रूममध्ये नवा मुलगा आला, हुशार होता. त्यानं पहिल्या आठवड्यात जुन्या कार्डांची उरलेली कपाटं रिकामी केली. रजिस्टरचे पहिले तीन रकाने काही दिवस भरले, मग तेही राहिलं. मशीन चालतच होतं.

त्यांनी सही का केली हे मी विचारलं नाही. न करते तर मला उभं केलं असतं, मी खोटं बोलले असते किंवा खरं बोलले असते, आणि दोन्हींत माझी नोकरी गेली असती. मला वाचवायला केली म्हणावं, तर त्यांनी माझ्यापायी चाळीस घरं घालवली. ओळ अर्धी राहू नये म्हणून केली म्हणावं, तर ते त्यांच्यासारखंच आहे. दोन्ही खरं असेल, किंवा तिसरंच काही असेल. विचारलं असतं तर त्यांनी नक्की सांगितलं असतं. कारण असलं की ते सांगत.

पुढे स्टोअरची सफाईही माझ्याकडे आली. ते रोज दिसायचे. "नमस्कार बाई" म्हणायचे, मी "नमस्कार साहेब" म्हणायचे. तिथंही पाण्याचा माठ होता, खिडकीपासून लांब, चांगल्या सावलीत. एक दिवस दुपारी ते टेबलाशी बसले असताना मी तो माठ उचलला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत उन्हात, खिडकीखाली नेऊन ठेवला. काही कारण नव्हतं. मग झाडू हातात घेऊन उभी राहिले.

त्यांनी पाहिलं. थोड्या वेळानं उठले, खिडकीपाशी गेले, पेला भरला, पाणी प्यायले. कोमट असणार. पेला उपडा ठेवला आणि परत जाऊन पेन्सिली मोजायला बसले.